आईचा भाडेकरू

माणूस कायद्याने अठराव्या वर्षी सज्ञान होतो आणि घरात कधीच होत नाही. या विसंगतीवर शासनाने आजवर एकच परिणामकारक उपाय शोधला आहे. तो म्हणजे आयकर.

कैवल्यला तो दुसऱ्या पगारातच लागू पडला. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून तो चंदीगडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. वडील वायुदलात, सध्या बदलीवर आसामात. चंदीगडमधल्याच मनीमाजऱ्यातला फ्लॅट आईच्या, सुहासिनीबाईंच्या नावावर. पगारातून कापलेला आकडा पाहून त्याने आधी दशांशचिन्ह तपासलं. (ते जागेवरच होतं.) मग तो सेक्टर १७ मध्ये मोहनजी नावाच्या सीएकडे गेला.

"मम्मी को किराया देते हो?" मोहनजींनी विचारलं.

कैवल्यने सांगितलं की आपण तिचा मुलगा आहोत. मोहनजींच्या मते यात अडचण काहीच नव्हती. मुलगा आईला खरोखर भाडं देत असेल, तर करात सूट मिळते. फक्त सगळं पक्कं हवं.

पक्कं करणं हा कैवल्यचा स्वभावच होता. त्याने अकरा महिन्यांचा करार लिहिला. त्यात आई 'मालक', तो 'भाडेकरू', आणि वरणभात 'इतर सुविधा'. सुहासिनीबाई शाळेत शिकवत. न वाचता सही करणं त्यांना पाप वाटे. त्यांनी करार वाचला. इतरांच्या घरी प्रकरण इथेच संपतं. त्यांनी तो पाळलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार वाजलं. कैवल्यला वाटलं, कुरिअर असेल.

"येऊ का?" आईने बाहेरून विचारलं.

चोवीस वर्षांत हा प्रश्न प्रथमच आल्यामुळे तो उत्तर देण्याऐवजी उठून उभा राहिला.

पुढची प्रगती थक्क करणारी होती. गीझर बिघडल्याचं मुलगा म्हणून तो दोन हिवाळे सांगत होता. उत्तरादाखल बाबा थंड पाण्याने कसे आंघोळ करतात हे ऐकत होता. भाडेकरू म्हणून त्याने लेखी तक्रार केली आणि दुपारी प्लंबर आला. पलंगावरचा ओला टॉवेल पूर्वी संस्कारांचा प्रश्न होता, आता तो फक्त गादीचा राहिला. उलट बाजूने भाडेकरू ताट उचलू लागला, भाजी आवडली तर तसं म्हणू लागला. (न आवडल्याचं मुलगा असतानाच म्हणत असे.) घरातली भांडणं नव्वद टक्क्यांनी घटली. नमुना एकाच घराचा असल्याने निष्कर्ष जपून वापरावा. भाड्याच्या पैशांतून सुहासिनीबाई गाडी शिकू लागल्या आणि एका रविवारी भाडेकरूला पिंजौरपर्यंत नेऊन सुखरूप परतही आल्या.

अशात मोहनजींचा फोन आला. नव्या करपद्धतीत भाड्याची सूट नाही, पण एकूण कर कमी बसतो. तेव्हा करार फाडून टाका.

कैवल्यने रात्रभर नव्हे, पण जेवणानंतर बराच वेळ हिशेब केला. जुन्या पद्धतीत राहिलं तर सरकारला जास्त पैसे जातील, नवीत गेलं तर आई परत आई होईल. त्याने जुनी पद्धत निवडली.

"बेटा, नुकसान है," मोहनजी म्हणाले.

"पता है जी."

जास्त कर भरण्याचा हट्ट धरणारा इसम मोहनजींनी कारकिर्दीत पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं.

कराराची मुदत संपत आली तेव्हा मालक रीतसर परवानगी घेऊन आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"मुदत वाढवायला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण आपल्या सोसायटीत बॅचलरला कुणी जागा देत नाही. फॅमिलीलाच देतात."

"आई, अगं मी तुझा मुलगा आहे."

"मुलाला ठेवीनच की. फुकट ठेवीन, पूर्वीसारखा. मी भाडेकरूविषयी बोलतेय. वल्लरी नावाची एक मुलगी आहे, पीजीआय हॉस्पिटलमध्ये संशोधन करते. रविवारी जागा बघायला बोलावलंय तिला."

कैवल्यने दोन्ही पर्याय मनात मांडून पाहिले. मग रविवारी किती वाजता, असं विचारलं.

या मायलेकांना हसणाऱ्या वाचकांनी आज जेवताना एक प्रयोग करावा. आपण उद्यापासून परके झालो आणि भाडं द्यायला तयार असलो, तर ही खोली आपल्याला द्याल का, असं घरच्यांना विचारावं. (अनामत रक्कम मागितली गेली, तर तो शुभशकुन समजावा. घरचे एकमेकांकडे पाहू लागले, तर मुकाट्याने ताट उचलावं.)