लिस्बनचं गाऱ्हाणं

सुदेशने लिस्बनची तिकिटं काढली तेव्हा त्याच्या बायकोने, गौरवीने, सासूला एकच विनंती केली, "आई, निघापर्यंत कोणाक सांगू नकात हां!"

देवकीबाईंनी मान हलवली. त्या बोलतातच कमी. पण सहल चार दिवसांची असली तरी देवाला न सांगता उंबरठा ओलांडणं त्यांच्या नेमात बसेना. त्यांनी नवऱ्याच्या, गोकुळदासांच्या, हाती नारळ देऊन त्यांना देवळात धाडलं.

आता देवळातलं गाऱ्हाणं, म्हणजे देवाकडचं मागणं, काही कानात सांगायचं नसतं. ते घालायचा मान असलेल्या दत्ताराम गावकाराने नारळ उचलला आणि अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असा आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो गोकुळदास बायल-पोरांक घेवन लिस्बनाक जाता..."

"व्हय म्हाराजा!" मंडप गरजला.

गोकुळदास घरी पोचायच्या आत बातमी पोचली. गोव्याचा माणूस लिस्बनला जातो तो पोर्तुगीज पासपोर्ट करायला, आणि एकदा गेला की तिकडचाच होतो. पेडण्यात याला पुरावा लागत नाही.

शेजारची शेवंती डोळे पुसतच आली. "गो देवकी, तुझी तुळस मी सांभाळतंय. तू काळजी करू नको."

"चार दिवसांनी येतलों गो आमी."

"सगळी तशीच म्हणतत."

"मावशे, फक्त समुद्र बघूक चाललों," सुदेश म्हणाला.

"कित्याक? मोरजेचो आटलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पदेराने दारात भोंपू वाजवून विचारलं, "बाय, उंडे पाव कधीसून बंद? कायमचेच मां?"

इथवर देवकीबाईंनी हसून घेतलं. पण संध्याकाळी दत्ताराम आला आणि अंगणातच चुळबुळत उभा राहिला.

"वयनी, तुमी तर चाललास. म्हणान पालखीचो नैवेद्य शेवंतीक दिलो."

देवकीबाईंच्या हातातली वात तशीच राहिली. पालखीच्या नैवेद्याचा मान इतक्या वर्षांनी यंदा त्यांच्याकडे आला होता. पालखी सोमवारी होती. म्हणूनच तर त्यांनी मुलाला बजावून रविवारची परतीची तिकिटं काढायला लावली होती.

"आई, भांडा तरी!" गौरवी कळवळली.

"देवाच्या कामात भांडप बरां नाय गो," त्या म्हणाल्या आणि वात लावली.

निघायच्या सकाळी मात्र त्या स्वतः नारळ घेऊन देवळात गेल्या. निरोप द्यायला गाव जमलाच होता. शेवंती पुढेच होती.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां दूर देशाक जातत, तेंची राखण कर!"

"व्हय म्हाराजा!"

दत्ताराम रंगात आला होता. "आनी काय सांगूचा, वयनी?"

देवकीबाई पुढे झुकून हळूच काहीतरी बोलल्या. त्या सांगत होत्या तसतसा त्याचा आवाज मंडपात घुमत होता.

"आयताराक तेंका सुखरूप घराक परत हाड!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी सोमवारच्या पालखीचो नैवेद्य देवकीच्याच हातचो गोड करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज शेवंतीचा होता. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. दत्तारामचंही. देवापुढे गेलेला शब्द परत कोण घेणार?

देवकीबाईंनी शांतपणे पदर सावरला आणि शेवंतीचा हात हातात घेतला.

"तुळशीक पाणी तेवढां घाल हां गो. आयतारापर्यंत."