भोयर सरांचे बारा आणे

"जेवण झालं का?" असं विचारलं, तरी भोयर सर म्हणतात, "बारा आणे झालं." उरलेल्या चार आण्यांत काकू, म्हणजे त्यांची बायको, मागून एखादी पोळी वाढतील, ही शक्यता असते. 'सोळा आणे' हा शब्द आमच्या सिंदी गावात कुणी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

सर आमचे शेजारी. वर्ध्याकडच्या एका कॉलेजात यंत्रांना अक्कल शिकवतात. त्यांच्या यंत्रमानवाला म्हणे आपण कुठं आहोत हेच ठाऊक नसतं. मग तो सगळ्या शक्यतांना मिळून सोळा आणे वाटतो आणि नवं काही कळलं की वाटणी बदलतो. सरांनी हे घरातही आणलं. चष्मा हरवला की, "टेबल आठ, फ्रिज सहा, डोकं दोन!" चष्मा बहुधा डोक्यावरच असे. मला तर वैताग यायचा या माणसाचा.

गेल्या गुरुवारी दुपारी काकू कुणाला न सांगता घरातून निघून गेल्या. हल्ली त्या विसरतात, रस्तासुद्धा. मी धावत सरांकडे गेलो.

"सर, स्टेशनवर पळा!"

सर अंगणात उभेच. "स्टेशन आठ. बसस्टँड सहा, तिचं माहेर अल्लीपूर ना, तिथं बसनंच जावं लागते. बाजार दोन."

"बायको हरवली, अन् तुमी वाटणी काऊन करून राह्यले?"

"चुकीच्या बाजूले पळालो तं अजून दूर जाऊ, राजा. आधी विचारू."

स्टेशनचा रस्ता कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यासमोरूनच जातो. तो म्हणाला, "काकू इकून नाई गेल्या, सर."

"स्टेशन खल्लास! बसस्टँड बारा, बाजार चार!" म्हणत साठीला टेकलेले सर असे धावले की मीच मागे पडलो. तेव्हा दिसलं, त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

काकू बसस्टँडच्या बाकावर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"कुठं चालली होती?" सरांनी धापा टाकत विचारलं.

"आठवत नाई."

"घाबरली नाई?"

"काऊन घाबरू? तुमी येसान, मले मालूम होतं."

सर सवयीनं बोलून गेले, "किती आणे?"

"सोळा," काकू म्हणाल्या.

सर मटकन बाकावर बसले आणि चष्मा काढून, सगळ्यांसमोर रडले. मग चष्म्यासाठी खिसे चाचपू लागले. काकूंनी तो त्यांच्या हातातूनच घेतला, पदरानं पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला.