गेवानाची थुंकी

वागी हितोलो सुईला घाबरतो हे गेवाना गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुणालाच माहीत नाही असं फक्त वागीला वाटायचं. भर वादळात डोलकाठीवर चढणारा हा गडी मागे एकदा इंजेक्शन दिसताच आडवा झाला होता, आणि खाली जाताना दवाखान्याचं कपाटही घेऊन गेला होता.

यंदा राजधानी मोरेस्बीच्या होड्यांच्या शर्यतीला नवाच नियम आला. गोवराची साथ येऊन गेलेली, म्हणून प्रत्येक खलाशाच्या अंगात गोवराच्या अँटिबॉडी आहेत का ते तपासायचं; नसतील तर होडी किनाऱ्यालाच. वागी आमच्या होडीचा तांडेल. खाडीपलीकडचं वाहोरी गाव दरवर्षी आम्हाला हरवत होतं. हरल्यावर निदान भांडता तरी येतं. शर्यतीला उतरूच दिलं नाही तर भांडणार कशावरून?

"रक्त नको," गावचा दवाखाना चालवणारी सिस्टर बोयो म्हणाली. "आता थुंकीतूनही कळतं. हा स्पंज हिरड्यांवर फिरवायचा, की झालं."

वागीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "थुंकी? परक्याच्या हातात? वाहोरीवाल्यांना मिळाली तर करणी करतील! मी नाही देणार."

"बरं. मग रक्त दे." सिस्टरने सुईचं पाकीट फाडलं.

"थुंकीच घे," वागी म्हणाला.

बाकीचे खलाशी मात्र अडून बसले. तोडगा काढला किला बुबूने. बुबू म्हणजे अख्ख्या गावाची आजी. "थुंकीच्या पेटीवर मी बसते," ती म्हणाली. "माझ्या बुडाखालून कोण काय पळवतो तेच बघू!"

शर्यतीच्या आदल्या सकाळी होडी मोरेस्बीला लागली. पेटीत थुंकी, पेटीवर बुबू आणि बुबूच्या मांडीवर सुपारीची पिशवी. प्रयोगशाळेत इमोजन नावाची ऑस्ट्रेलियन पोरगी होती, नुकतीच आलेली. तिने पेटी उघडली आणि किंचाळली.

"मी थुंकी मागितली होती, रक्त नाही! सगळ्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय? अहो, आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या यांना!"

सोबत आलेल्या सिस्टरने एक नळी उजेडात धरली. "रक्त कुठंय? थुंकीच तर आहे. थुंकी लालच असते."

मग तिने स्वतःच्या लालभडक ओठांवरून जीभ फिरवली आणि नळी हळूच खाली ठेवली. तिचा तरी काय दोष? हिरवी सुपारी आणि चुना आमच्या तोंडातून रात्री झोपेपुरताच बाहेर येतो. कुणी पांढरं थुंकलं तर आम्ही त्याच्या तब्येतीची चौकशी करतो.

"हे चालणार नाही," इमोजन म्हणाली. "चुळा भरा, तासभर तोंडात काही घालू नका, मग पुन्हा द्या."

तासभर! खलाशी पायऱ्यांवर मयताला बसल्यासारखे बसले. तास संपला, स्पंज आत गेले आणि कोरडेठाक बाहेर आले. काळजीने सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

"मग रक्तच घ्यावं लागेल," इमोजन म्हणाली. वागीने भिंत धरली.

बुबू उठली. खलाशांसमोर फतकल मारून बसली, पिशवीतून टपोरी सुपारी काढली आणि उरल्यासुरल्या दातांनी कटकन फोडली. मग डोळे मिटून सावकाश चघळायला लागली. "अहाहा! काय रस सुटलाय!"

"बुबू, छळू नको गं!" वागी कळवळला आणि त्याच्या हनुवटीवरून लाळेची धार लागली.

"धरा स्पंज!" सिस्टर ओरडली.

दुपारी निकाल आला. एकूण एक खलाशी पास! आमच्या ओरड्याने प्रयोगशाळेच्या काचा थरथरल्या. वापरलेले स्पंज बुबूने स्वतःच्या डोळ्यांदेखत जाळून घेतले.

निघताना पाहतो तर पायऱ्यांवर वाहोरीचे खलाशी. त्यांचीही थुंकी लाल ठरून परत आलेली, तोंडं कोरडी पडलेली, आणि बुबूची करामत कानावर गेलेली. त्यांचा तांडेल गारी मान खाली घालून म्हणाला, "बुबू, आमच्यापुढंही एक खा ना."

"पिशवी बंद कर, बुबू!" वागी ओरडला. "बसू देत तसेच!"

बुबूने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि उद्या हरवशील कुणाला? माशांना?"

तिने दुसरी सुपारी फोडली.

दुसऱ्या दिवशी गेवानाची होडी अशी सुटली की वाहोरीला आमची फक्त पाठ दिसली. किनाऱ्यावर ढोल, नाच, आरोळ्या! सिस्टर बोयो तर चक्क रडली. पाहुण्यांनी वागीला मांडवात बोलावलं, कौतुक केलं आणि छातीवर लावायला बिल्ला काढून त्याची पिन उघडली.

वागी हसत हसत आडवा झाला, आणि खाली जाताना मांडवाचा खांबही घेऊन गेला. कोसळलेल्या कापडाखालून गारीनेच त्याला ओढून काढलं. करंडकाची पेटी मात्र सुखरूप होती. तिच्यावर बुबू बसली होती.