उंबऱ्याबाहेरचं बोलणं

नवरा-बायकोने एकत्र धंदा करावा की नाही, हे मला विचारा! अठरा वर्षं आमचं चष्म्याचं दुकान आहे. ही पुढच्या खोलीत डोळे तपासते, मी मागच्या खोलीत काचा घासतो. मध्ये एक खिडकी. तिकडून नंबराची चिठ्ठी येते, इकडून चष्मा जातो. भांडण म्हणून नाही, कारण पहिल्याच वर्षी मी नियम केला: दुकानाचं बोलणं घराच्या उंबऱ्याबाहेर. संसार टिकवायचा तर शिस्त हवी!

नियम इतका झकास चालला की घरात बोलणंच उरलं नाही. आमचं जे काही घडतं ते दुकानातच, आणि ते तर बोलायचं नाही. जेवताना चमचा ताटाला लागला तरी दोघंही दचकतो.

खिडकीतून मात्र तिचा आवाज यायचा. "आजी, घाई नाही हं. सावकाश सांगा. आणखी काही त्रास?" हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मला त्या आजींचा चक्क हेवा वाटायला लागला.

आज सकाळी मी अ‍ॅप्रन काढला, मागच्या दाराने वळसा घालून पुढे आलो, टोकन घेतलं आणि बाकावर बसलो.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "लांबून आलात?"

"आतून," मी म्हणालो. त्या जरा सरकून बसल्या.

तेवढ्यात तयार चष्मा न्यायला आलेले एक गृहस्थ खिडकीवर टकटक करायला लागले. "आतला माणूस कुठे गेला?"

"असेल आतच," ही मान वर न करता म्हणाली. "तो कुठे जाणार?"

हे जरा लागलं मला.

माझी पाळी आली. तिने पाहिलं, क्षणभर थांबली. पण बाकावरचे सगळे ऐकत होते. "बसा. शेवटची ओळ वाचा."

तो तक्ता मीच भिंतीला ठोकलेला, ओळी तोंडपाठ! ऐटीत म्हणून दाखवली.

"तक्ता मागच्या महिन्यात बदललाय," ती म्हणाली.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. "म्हणजे त्या शाळेतल्या मास्तरांचा चष्मा नंबर चुकला म्हणून दोनदा परत आला, तो..."

"तुमच्यामुळे. चिठ्ठी तुम्हाला दिसेना, आणि नावं माझ्या अक्षराला ठेवलीत." तिने नंबर लिहिला. मग त्याच आवाजात विचारलं, "आणखी काही त्रास?"

"घरी कुणी बोलत नाही," मी म्हणालो.

ती बराच वेळ लिहीत राहिली. मग म्हणाली, "पुढचे या."

मी वळसा घालून मागे आलो, तर माझीच चिठ्ठी खिडकीत पडलेली. नंबर ठळक, पण खालच्या दोन बारीक ओळी काही केल्या लागेनात. दुसऱ्या कुणाला वाचायला देणार कशा? शेवटी स्वतःचाच चष्मा करायला बसलो. इतक्या घाईने आणि इतकं जपून मी आजवर काच घासली नव्हती. चढवला आणि वाचलं.

"मलाही तोच त्रास आहे. नियम तुमचा होता."

आज घरी गेल्यावर मीच आधी बोलणार आहे. काय बोलायचं ते दुपारपासून शोधतोय. आत्तापर्यंत एवढंच सापडलंय: "तक्ता का गं बदललास?"

दुकानाचंच आहे, कळतंय मला. पण दुसरं काही सुचतच नाही हो.