वर्नल क्रेनेकच्या बुटांची पडताळणी

टेक्सासमधल्या पेकन फ्लॅट गावच्या सरकारी कुरणात जनावरं चारायची असतील, तर यंदापासून अर्जदाराच्या पायात अस्सल काउबॉय बूट असणं सक्तीचं झालं. कारण रास्तच होतं. शहरातली माणसं लग्नाचे फोटो काढायला कुरणं भाड्याने घेऊ लागली होती, आणि गवत खऱ्या काउबॉयलाच मिळालं पाहिजे, यावर गावाचं एकमत होतं. आता खरा काउबॉय ओळखायचा कसा? त्याची जनावरं बघायला रानात जावं लागतं, आणि रानात ऊन असतं. बूट मात्र कचेरीत बसून तपासता येतात.

वर्नल क्रेनेककडे एकसष्ट गाई होत्या आणि स्वतःच्या रानात, पाऊस न झाल्यामुळे, नुसती धूळ. कुरण मिळालं नाही तर सगळा कळप लिलावात काढावा लागणार होता. सकाळी एका गाईचं अडलेलं वासरू सोडवून तो तसाच बूट पडताळणी समितीपुढे आला.

अध्यक्षा डार्लीन हफॅकरबाई जमिनींची दलाली करत. घोड्यावर त्या एकदाच बसल्या होत्या, तोही जत्रेतला, गोल फिरणारा. त्यांनी वर्नलच्या बुटांवर भिंग धरलं.

"टाच झिजली आहे. नियमाप्रमाणे दीड इंच हवी."

"चालून चालून झिजली, बाई."

"चालून? वर्नल, काउबॉय चालत नाही. तो घोड्यावर असतो."

शिवाय टोक बोथट होतं, पोटरीवर येणाऱ्या नळीवर नक्षीची शिवण नव्हती आणि तळाला 'अज्ञात पदार्थ' आढळला. तो अज्ञात नाही, शेण आहे, असं वर्नलने सांगून पाहिलं. पण अर्जात शेणाला रकाना नव्हता.

मग ते बूट ज्याने शिवले, तो म्हातारा नेमेसियो त्रेविन्यो साक्षीला आला. पन्नास वर्षं बूट शिवणाऱ्या त्या माणसाने समितीला सगळा इतिहास ऐकवला. उंच टाच मेक्सिकोच्या गुराख्यांची, पाय रिकिबीतून पुढे घसरू नये म्हणून. उंच नळी घोडदळाची. टोकदार चोच आणि रंगीबेरंगी नक्षी फार पुढची, सिनेमावाल्यांनी डोक्यावर घेतलेली. पहिले काउबॉय तर लढाईवरून परतताना पायात जे होतं तेच घालून गुरांमागे लागले होते.

समितीने हा इतिहास गांभीर्याने नोंदवून घेतला आणि ठराव केला, की पहिले काउबॉय अस्सल नव्हते. अस्सलपणा सिनेमापासून मोजावा. बूट वापरलेले मात्र दिसले पाहिजेत, म्हणून कारखान्यातूनच ओरखडे पाडून आलेल्या जोडाला दहा गुण जास्त. वर्नलच्या ओरखड्यांना कारखान्याचा दाखला नव्हता. इथेच घोडं पेंड खात होतं. अर्ज फेटाळला गेला.

"तुझे बूट खोटे ठरले त्याचं काही नाही, गड्या," बाहेर आल्यावर नेमेसियो म्हणाला. "माझे हात खोटे ठरले."

वर्नलचं डोकं फिरलं. घरी जाऊन त्याने बूट काढले आणि रस्त्याकडेच्या कुंपणाच्या खांबांवर उपडे घातले. झालं, संपलं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण आमच्याकडे गडी वारला की त्याचे बूट असेच खांबावर उपडे घालतात. हफॅकरबाईंनी मोटारीतून ते पाहिलं आणि डोळ्याला रुमाल लावला.

तिसऱ्या दिवशी कचेरीसमोर शोकसभा भरली. बूट काचेच्या पेटीत, शेणासकट. खाली पाटी, 'अखेरचा अस्सल काउबॉय'. टाच, टोक आणि शिवण या तिन्ही अटींतून विशेष सूट देऊन कुरणाचा परवाना मरणोत्तर जाहीर झाला. बाईंनी परवान्याचा कागद पेटीवर ठेवला. तेवढ्यात मुलीने दिलेले पांढरे पळायचे बूट घालून वर्नल पुढे आला.

"बाई, मी हा इथे उभा आहे. तो परवाना द्या. गाई उपाशी आहेत."

बाईंनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"मरणोत्तर परवाना जिवंत माणसाला देता येत नाही, वर्नल. त्यात हे असले बूट. जरा मागे उभे राहा, पुढची रांग घरच्यांसाठी राखून ठेवली आहे."

वर्नल मागे गेला. आम्ही त्याला वाट करून दिली. मयताला कसले बूट घालून आलाय बघा, असं कुणीतरी कुजबुजलं. एकट्या नेमेसियोने पेटीकडे पाठ फिरवून, वर्नलकडे बघत हॅट काढली.

ते बूट बघायला आजही गर्दी होते. टाच किती, टोक कसं, शिवण कुणाची, सगळं लोक बारकाईने विचारतात. तुम्हीही आतापर्यंत तेच वाचत आलात. त्या एकसष्ट गाईंचं पुढे काय झालं, हे अजून कुणीच विचारलेलं नाही.