सोपानच्या अटी

आमच्या घरात झाडूवरसुद्धा नाव आहे. सोपान. काळ्या मार्करनं, ठळक. बादली, टॉर्च, खुर्चीचा पाय, सगळ्यांवर सोपान. एकदा अर्धं लिंबू ताटलीखाली झाकून ठेवलं होतं, तर ताटलीवर चिठ्ठी होती, 'सोपानचे. अर्धे.' केदारखेड्यात आम्ही दोघंच राहतो, तो आणि त्याची थोरली बहीण मी. म्हणजे लिंबाचा चोर मीच.

सोपान नवीन जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत संगणकावर काम करतो. कुणी दोन शब्द गोड बोललं की तो मान तिरकी करून विचारतो, "याच्या मागं कोण आहे?" मुलगी बघायला गेला तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन मुलीच्या बापाला म्हणाला, "एवढे शेंगदाणे कशापायी घातले?" ते लग्न तिथंच राहिलं. पुढची तीनही अशीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी तो खोलीचं दार लावून काहीतरी टाइप करत बसू लागला. मी जेवायला हाक मारली की संगणकाचा पडदा काळा करायचा. मलाही संशय आला. शेवटी त्यानंच मला आत बोलावलं. म्हणाला, "अक्का, तू कुणाशी बोलत न्हाईस म्हणून तुलाच सांगून राह्यलो."

तो मेंढ्यांचा प्रोग्राम होता. कोणती मेंढी कुणाची लेक, कोणता मेंढा कुणाच्या पोटचा, म्हणजे बापाचा लेकीशी मेळ होऊ नये. आमच्या कळपाचं हे सगळं माझ्या तोंडपाठ होतं. चौथीनंतर मी मेंढ्यांमागंच होते. मी भाकरी थापत सांगायची, ठिपकीची लेक मोरी, मोरीची बांडी. तो टाइप करायचा. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारायचा, मी खोटं तर सांगत नाही ना म्हणून.

तयार झाल्यावर त्यानं तो नेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. मी म्हटलं, "आणि कुणी घेतला तर?"

"आधी मी लिहिला हे जगानं बघितलं पाहिजे. बघावं. हात लावू न्हाई."

मग एका बाईंचं पत्र आलं. लांबच्या जिल्ह्यातल्या, गुरांच्या डॉक्टर. लिहिलं होतं, प्रोग्राम फार उपयोगाचा आहे, पण त्याला लायसन, म्हणजे तो कुणी कसा वापरावा याच्या अटी, जोडलेलं नाही, म्हणून आम्हाला वापरता येत नाही. ओपन सोर्सचं, म्हणजे सगळ्यांना खुलं असतं त्यांतलं, कोणतंही एक जोडा. आमचे मेंढपाळ सोमवारी रानाला निघतील, त्याआधी मिळालं तर बरं.

सोपाननं पत्र चारदा वाचलं. "न विचारता घेणारा चोर मला समजतो. ही विचारून राह्यली, म्हणजे मोठी चोर. याच्या मागं कोण आहे?"

तरी तो लायसन लिहायला बसला. स्वतःचंच. मला वाचून दाखवलं. वापरणाऱ्याने कुणाला सांगू नये. सांगितल्यास कुणाला सांगितले ते कळवावे. मेंढी मेल्यास प्रोग्राम परत करावा. बाईंनी उत्तर पाठवलं, असं चालत नाही, तयार असतात त्यांतलंच घ्या.

शनिवारी तो जेवला नाही. म्हणाला, "एका लायसनात कुणीही नेतं, सुधारतं आणि सुधारलेलं कुलपात घालतं. दुसऱ्यात कुणीही नेतं, पण सुधारून दुसऱ्याला दिलं तर तेही असंच उघडं द्यावं लागतं. दोन्हीत माझ्या हातातून जातंच."

मी भीत भीत बोलले, "आपला बाप लोकांना मेंढा कसा द्यायचा?"

बाप कुणालाही मेंढा फुकट नेऊ द्यायचा. अट एकच. त्या मेंढ्याच्या पोटचा नर तुझ्याकडं वाढला आणि कुणी मागायला आला, तर तूही न्हाई म्हणायचं न्हाई.

"मंग दुसरंच," सोपान म्हणाला. "बराबर आहे. बिलकुल बराबर." आणि ताट ओढून बसला.

रविवारी सकाळी त्यानं मला पडद्यासमोर बसवलं. लायसन सगळं इंग्रजी होतं. वर नावाची एक ओळ असते, ती पुढं कुणालाच पुसता येत नाही, असं त्यानं सांगितलं. त्या इंग्रजीच्या गर्दीत मला वाचता येईल अशी तेवढीच ओळ होती. 'सोपान आणि गयाबाई, केदारखेडा.'

मी म्हटलं, "माझं कशाला? लोक विचारतील कोण बाई."

"विचारतीलच," तो पडद्याकडंच बघत म्हणाला. "याच्या मागं कोण आहे, असं. म्हणून आधीच लिहून ठेवलं."

मी पाणी प्यायला उठले. माझ्या तांब्यावर अजून सोपानच लिहिलेलं आहे.