नानांचं तेलपुराण

तुळशीरामनाना कुणाच्या घरी गेले की पाणी मागत नाहीत, तेल मागतात. "तेल दाखवा," म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरतात. डबा उघडून हुंगायचा, एक थेंब दोन बोटांत चोळायचा आणि घरातल्या बाईकडे असं बघायचं की जणू तिनं चोरीचा माल लपवलाय. आमच्या वास्तुशांतीला या माणसानं आचाऱ्यानं उतरवून ठेवलेलं कढईभर तेल मोरीत ओतून दिलं. दुसऱ्यांदा तापवणार होता म्हणे. पंगत बसलेली आणि भजी निम्मीच तळलेली. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर खार खाऊन आहे.

नाना जळगावातल्या एका शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते. जन्मभर परीक्षानळ्या धुतल्या, पण रुबाब असा की नळीतलं सगळं यांनीच शोधून काढलंय. रिटायर झाल्यावर कुठंतरी काहीतरी वाचलं आणि आमची गल्ली कामाला लागली.

"हे बघ," ते मला फाटकाशी गाठून सांगतात, "फवारणीचं औषध, धूर, पाण्यातली घाण, हे अंगात गेलं की शरीर आतून सुजतं. ती सूज भडकते का शांत होते, यात आपल्या पोटातल्या तेलाचाही हात असतो. सरकी, सूर्यफूल नुसतं रिचवत बसलास तर चढते. जवस खा, अक्रोड खा, मासे खा, उतरते." मासे म्हणताना रुमाल नाकाला लावतात, कारण सात पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नाही. शास्त्र अजून इतकं छातीठोक बोलत नाही, असं माझ्या डॉक्टर मेहुण्यानं सांगून पाहिलं. त्याला नानांनी विचारलं, तुमच्या घरी कोणतं तेल आहे.

सरकीचं नाव निघालं की विचारूच नका. कापसावर विष मारायचं आपण आणि त्याच कापसाच्या सरकीचं तेल शेवेतून खायचंही आपणच, याचा त्यांना इतका संताप येतो की कानाच्या पाळ्या लाल होतात. एकदा आम्ही धुळ्याला लग्नाला निघालो होतो. वाटेत बस थांबली, तर हे एका भजीवाल्याशी कढईतल्या काळ्या तेलावरून भांडत बसले. बस निघून गेली. अक्षता पडल्यावर आम्ही मांडवात पोचलो. आणि तिथेही हे आधी आचाऱ्याकडे गेले.

दर रविवारी मात्र नाना जवसाच्या चटणीची बरणी घेऊन असोद्याला जातात. तिथे त्यांचा धाकटा भाऊ सुपडू घरची केळी आणि कापूस बघतो. थोरला शिकला, नोकरीला लागला. धाकट्याच्या खांद्यावर फवारणीचा पंप आला. औषध तो उघड्या हातानं ढवळतो, त्यांच्याकडे सगळेच तसंच ढवळतात. आता त्याच्या बोटांची सालं निघतात, सांधे सुजतात आणि फवारणी झाली की आठ-आठ दिवस खोकतो. औषधाला हात लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलंय. सुपडू मान हलवतो आणि पुन्हा पंप उचलतो.

गेल्या हिवाळ्यात त्यानं नानांना आणि मला शेतात भरताला बोलावलं. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजलेली, लाकडी बडगीत ठेचून झालेली. फोडणीला सुपडूच्या बायकोनं हात सैल सोडून तेल घेतलं आणि नानांनी पळी धरली. तिथून पाऊण तास तेलपुराण. भरीत थंड, पुऱ्या वातड. सुपडूला खोकल्याची उबळ आली, तर नानांनी त्याच्या ताटात चटणीचा डोंगर केला. उद्या सकाळी केळीवर करपा रोगाची फवारणी करायची आहे, असं तो त्यातच सांगत होता.

मग मात्र माझा तोल सुटला. नानांना बांधावर घेऊन गेलो आणि बोलायचं ते बोललो. उद्या हा माणूस पुन्हा विषात हात घालणार आणि तुम्ही पळीभर तेल मोजत बसलात. चटणीनं काय होणार आहे, नाना?

नानांनी केळीच्या पानावरचा करप्याचा डाग अंगठ्यानं चोळला.

"हातमोजे आणून दिले रे. चार जोड दिले. उकडतं म्हणतो, घालत नाही. शाळेत ॲसिडची बाटली मी कधी उघड्या हातानं धरली नाही. घरी येऊन याला मात्र सांगितलं नाही, तीस वर्षं. पगार खात होतो, शेतातलं धान्य खात होतो. आता सांगतो तर ऐकत नाही. त्याच्या पोटात काय जातं, तेवढंच माझ्या हातात उरलंय."

माझा राग त्यांच्यावरून उठला आणि कुठे ठेवावा ते कळेना. उघड्या हातानं ढवळा, असं कुणी सांगितलेलं नसतं, आणि ढवळू नका असंही कुणी वेळेवर सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपडूचा फोन आला.

"भाऊ, नानाले समजवा. पह्यल्या बसनं आला अन् पंप खांद्यावर घेऊन बसला. म्हने, आजपासून मीच फवारतो. अडुसष्ट वर्साचा मानूस, भरला पंप घेऊन उभा राहता येत नाई त्याले."

मी गाडी काढली. असोद्याला पोचलो तेव्हा नाना बांधावर बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, श्वास अजून चढलेला. पंप जवळ नव्हता. केळीच्या ओळींमधून सुपडू येत होता. तोंडाला फडकं बांधलेलं, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हातमोजे.

"सोडतच नव्हता पंप," तो मला म्हणाला. "हे मोजे घातले मी, तवा दिला."

सुपडू ओळीच्या टोकाला जाऊन वळेपर्यंत नाना त्याच्या हातांकडे बघत राहिले.